म्हातारीच्या केसात माणूस

"म्हातारीच्या केसात माणूस निघालाय," सरांनी कागद टेबलावर आपटला. "आपल्यातलाच कुणीतरी."

म्हातारी म्हणजे प्राणिसंग्रहालयातली चिंपांझी. महिन्यापूर्वी ती गेली. तिच्या राखणदारानं मुळांसकट काढलेले बारा केस या प्रयोगशाळेत आणून दिले होते. माणसाची जनुकं आणि तिची जनुकं शेजारीशेजारी ठेवून वाचायची, फरक कुठे पडतो ते शोधायचं, असं काम. आता चारच केस उरले होते.

एकवीस वर्षं वानराचा नमुना आला की तो ताईच उघडायची. कुणी लिहून दिलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. या खेपेला मात्र सर म्हणाले, "चिमणीला करू द्या. तिचा हात हलका आहे."

हात हलका! सहा महिन्यांची नोकरी. हातमोजा कसा चढवायचा तेही ताईनंच शिकवलेलं. तेव्हापासून ताईला जेवण गोड लागेना. चिमणी हसली तरी खुपे, गप्प बसली तरी खुपे.

"सर, मी दोनदा मोजे बदलले," चिमणी रडकुंडीला आली. "ताई, तुम्ही बघत होतात ना?"

ताई बघत होती. ही कुठे चुकते, याचीच वाट बघत होती. ती चुकली नाही. मग चिमणी जेवायला गेल्यावर ताईनं तिनं काढून ठेवलेल्या आठ केसांची डबी उघडली आणि मोजा न घालता एकेक केस बोटांत धरून उजेडात पाहिला. एखादं मूळ तरी तुटलेलं सापडू दे, देवा! असलं मागणं देवापाशी, तेही या वयात.

"कपाटातला माझा नमुना लावून बघा," चिमणी म्हणाली.

इथे कामावर येणाऱ्या प्रत्येकाची लाळ नंबर घालून जपलेली असते. जनावराच्या नमुन्यात माणूस शिरलाच, तर कोणता ते कळावं म्हणून.

"त्यात आठवडा घालवू? केस तूच हाताळलेस. उद्यापासून नळ्या धुवायच्या."

म्हणजे ताईनं नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच.

तिला राखणदाराचं बोलणं आठवलं. "आमची म्हातारी लई मानी. धाकटीला आधी केळं दिलं की वाटी भिरकावते बघा!" तेव्हा ताई पोट धरधरून हसली होती.

कमरेची किल्ली काढून तिनं कपाट उघडलं. पहिल्याच खणातली नळी उचलून सरांपुढे ठेवली. नंबर एक.

"ही लावा. नाही लावली तरी चालेल. मीच आहे ती."

"ताई, तुम्ही?" सर खुर्चीतून उठले.

"मोजा घातला नव्हता."

सरांनी नळी उचलून नंबर वाचला. चिमणीनं डोळे पुसले.

"उरलेले चार कोण उघडणार?" शेवटी सरांनी विचारलं.

"तीच. तिचा हात हलका आहे."

चिमणी आत गेली. ताई काचेबाहेर उभी राहिली. आत चिमणीनं चिमट्यात पहिला केस उचलला, तशी ताईनं पदर तोंडावर धरला आणि श्वास रोखला. मध्ये बोटभर जाडीची काच होती, तरी.