कोऱ्या गोळ्या

आईचे गुडघे घरात कुणी ऐकायला असलं की दुखायचे. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, गुडघे ठणठणीत निघाले. मग आईनं डॉक्टरांनाच नापास केलं.

तिची धाकटी मुलगी औषधाच्या कारखान्यात गोळ्या पाडायच्या मशीनवर होती. चणीनं लहान, म्हणून घरीदारी सगळे तिला चिमणीच म्हणत. मशीनचे साचे बदलले की आधी औषध न घालता, नुसत्या सेल्युलोजच्या गोळ्या पाडून बघायच्या. वजन नीट येतंय का, कडा तुटतात का. सेल्युलोज म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेली पांढरीशुभ्र भुकटी. पोटात जाते, ना गुण ना अपाय, निमूट बाहेर पडते. कामगार या गोळ्यांना 'कोऱ्या' म्हणत आणि फेकून देत. आईच्या कण्हण्यानं जीव मेटाकुटीला आला, तेव्हा चिमणीनं त्यातल्याच मूठभर खिशात टाकल्या.

"कसल्या गं या?" आईनं विचारलं.

चिमणीला धड खोटंही बोलता येईना. "कोऱ्या आहेत," ती पुटपुटली.

आईला ऐकू जरा कमीच यायचं. "कोरियाच्या?" ती हरखली. "अगंबाई, मग महाग असतील!"

चिमणी हसली आणि गप्प बसली. तिथंच सगळं चुकलं.

कारण गुडघे दुखायचे राहिले की! आई तरातरा जिने चढायला लागली, शेजारणींना कोरियाचं कौतुक ऐकवायला लागली. गोळ्यांची डबी लवकर रिकामी व्हायची, पण आई दोनदोन घेत असेल असं म्हणून चिमणी नव्यानं भरून द्यायची. लाकूडच ते, कितीही खाल्लं तरी काय होणार आहे?

एका दुपारी तिला मशीनवरून फोनला बोलावलं. दादाला दवाखान्यात नेलं होतं.

ती धावतपळत पोचली. तिचा थोरला भाऊ खाटेवर पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. डॉक्टर घाईत विचारत होते, "बीपीची गोळी चालू आहे ना?"

"ती केव्हाच सोडली," आई पुढे झाली. "चक्कर यायची त्याला तिनं. मी माझ्यातली देते रोज. कोरियाची आहे. हिच्याच कारखान्यातून येते."

चिमणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय असतं त्यात?" डॉक्टर तिच्याकडे वळले. "रक्त पातळ करणारं काही असलं तर मी देतोय ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जिवावर बेतेल. लवकर बोला!"

आईला बाहेर पाठवायलाही वेळ नव्हता.

"कोरियाच्या नाहीत," चिमणी म्हणाली. "कोऱ्या आहेत. औषधच नाही त्यात. लाकूड आहे."

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेल्युलोज. नुसतं सेल्युलोज."

डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला सांगितलं आणि खाट आत गेली.

आई भिंतीला टेकून उभी होती. चिमणीनं तिचा दंड धरून तिला बाकावर बसवलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला होता. हात आणि बोलणं किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नव्हतं.

"आई, चूक माझी आहे," चिमणी रडत म्हणाली. "तुझा काही दोष नाही."

"तो नको म्हणायचा गं," आई समोर बघत बोलली. "एवढा बाप्या, पण मी रोज सकाळी आ करायला लावायचे आणि जिभेवर ठेवायचे. मग तोही हसून आ करायचा."

नर्सनं दारातून हाक मारली. आत एकीलाच सोडणार होते. चिमणीनं आईला उठवायला हात पुढे केला.

आईनं तो बाजूला सारला. "तू जा. मला बघितलं की तो आ करेल."