वारुळावरचा घास

तुपाच्या बाटलीचं झाकण टक् करून उघडलं, आणि रानाची शांतता काचेसारखी तडकली.

सूर्य उगवत नव्हता, फुटत होता. लुआंग्वा नदीच्या संथ, गढूळ पात्रात त्याचं रक्त सांडत होतं. रक्तवर्ण पाणी, ताम्रवर्ण माती, अस्थिवर्ण वाळलेलं गवत. आफ्रिकेची ती निर्दय, निर्जन, नितळ सकाळ.

त्या सकाळीत चार कॅनव्हासचे तंबू. झाडाला टांगलेली आंघोळीची बादली, निखाऱ्यांवर काजळलेली किटली. वीज नाही, फोनला रेंज नाही. नवरा, मंदार, पहाटेच गाडीतून सिंह पाहायला गेलेला. शाल्मली मागे राहिली, कारण पाच वर्षांची लेक निहू रात्रभर तापलेली. आत्ता कुठं कपाळ गार लागत होतं.

आणि आज आईची पहिली तिथी होती.

तिकडे चिपळूणला भाऊ सगळं यथासांग करत असेल. इकडे लेकीच्या हाती मूठभर भात, बोटभर तूप. आई गेली तेव्हा शाल्मली दोन दिवस उशिरा पोचली होती. तोंड दिसलं नाही, पाणी घालता आलं नाही. तो न दिलेला घास वर्षभर तिच्या गळ्यात अडकून होता. आज कावळ्यानं तो शिवावा, एवढंच तिला हवं होतं.

छावणीचे म्हातारे आचारी, इथलेच फिरीकाका, आल्या दिवशीच इंग्रजीत म्हणाले होते, "बाई, तंबूबाहेर एक शीतसुद्धा ठेवायचं नाही."

"का हो काका, इथला वाघ भात खातो?"

"वाघ इथं नसतोच. भात खाणारी येतात, आणि मग त्यांना खाणारा येतो."

ती हसली होती. आईसाठीचा घास म्हणजे काही उष्टं-खरकटं नव्हे, असं आज तिनं मनाशी म्हटलं; आणि काका चुलीकडे वळलेले पाहून, तंबूपासून वीस पावलांवरच्या तांबड्या वारुळावर तिनं तो ठेवला. हात जोडले. परत येऊन दारात बसली.

मोपानीच्या झाडाच्या शेंड्यावर कावळा आला. काळाभोर, छातीवर शुभ्र.

"आई, हा बंडी घालून आलाय," शेजारी येऊन बसलेली निहू म्हणाली.

"थंडी वाजत असेल गं त्याला."

"मग खाली का येत नाही? रुसलाय?"

शाल्मली मनातच आळवत होती: ये, गं आई, ये. उशीर झाला, चुकलं माझं, पण ये.

कावळा आला नाही. आली एक बबून माकडीण. पिंगट, कृश, स्तनभारानं वाकलेली. पोटाशी गुलाबी तोंडाचं पिल्लू. तिनं घास उचलला, हुंगला, तोंडात घातला, आणि शाल्मलीचे डोळे भरून आले. कुणीतरी शिवलं. कुणाची तरी आईच शिवली.

त्या भरल्या डोळ्यांना दिसलं नाही की निहू अनवाणी, दबकत, पिल्लू पाहायला दहा पावलं पुढे गेली आहे.

आणि गवत दुभंगलं.

आवाज नव्हता. सुवर्णकृष्ण ठिपक्यांची एक लाट उठली, वारुळावर आदळली. माती उडाली, भात उडाला, रक्ताची चिळकांडी उन्हात क्षणभर माणकासारखी लखलखली. बिबट्याचे दात गळ्यात, नखं पाठीत. हाडांचा कडकड आवाज, वाळकी काटकी मोडावी तसा. माकडिणीचे दोन्ही हात मात्र स्वतःसाठी उठले नाहीत. त्यांनी पिल्लाला दूर भिरकावलं.

पिल्लू पडलं, उठलं, धावलं. जे सर्वांत जवळ, जे सर्वांत लहान, त्याच्याकडे धावलं. निहूकडे.

शाल्मली कधी धावली तिला कळलं नाही. मुठीत फ्रॉक आला, फ्रॉकासकट लेक आली, तंबू आला. तिनं चेन खाली ओढली, आणि चेनीच्या फटीत एक हात आला. काळा, चिमुकला, पाच बोटांचा. नखं होती त्याला, रेषा होत्या. तो तिचं बोट धरून राहिला. घट्ट, ऊबदार.

तिनं एकेक बोट सोडवलं. ढकललं. चेन शेवटपर्यंत ओढली.

बाहेर फिरीकाका पातेलं बडवत, ओरडत धावत होते. जाळीच्या खिडकीतून शाल्मलीनं पाहिलं: पिल्लू मागे फिरलं होतं. ते आईच्या लोंबत्या पोटाला जाऊन बिलगलं, आणि बिबट्यानं ते सगळंच ओझं, मेलेलं आणि जिवंत, एका संथ, अभिमानी ओढीनं गवतात नेलं. गवत हललं. गवत थांबलं.

कुशीत निहूचं काळीज धडधडत होतं. तिनं आईची हनुवटी आपल्याकडे वळवली, आणि अगदी हळू, न रागावता विचारलं,

"आई, त्याला का नाही गं आत घेतलंस?"