थांबत जाणारा ड्रायव्हर

चुडाव्यात साऊंडवाल्याला लोक दोन कामाला बोलावतात. आवाज वाढवायला, आन् वाढला की शिव्या द्यायला. तो साऊंडवाला म्हंजी मी, बन्सीधर. शाळा चौथीपत्तर. वायर दातानं सोलायला आपल्यासारखा माणूस तालुक्यात न्हाई, त्यामुळं समोरचा एक दात बी न्हाई.

तर झालं असं. विहाराच्या मागं बायनामावशी राहती. तिच्या नातीची, रेणुकाची, हळद आली. मावशी आन् तिची थोरली बहीण लक्ष्मीबाई, ह्या दोघीबिगर आमच्याकडं हळद लागत नव्हती. लक्ष्मीबाईनं हळदीच्या गाण्याची ओळ टाकायची, मावशीनं गाऊनच उत्तर द्यायचं. लक्ष्मीबाई वारली तवापासून मावशीनं तोंड उघडलं न्हाई. बोलावलं तर जायची, हळद लावायची, गप बसायची.

माझ्यापाशी लक्ष्मीबाईची एक कॅशेट होती. एका साली मावशी ऊसतोडीला गेलेली, तवा लक्ष्मीबाई माझ्या टेपासमोर बसून एकटीच गायली. नुसत्या आपल्या ओळी, एकीमागं एक. म्हणली, उत्तरं बायना आल्यावर देईल. बायना आली, पण कॅशेट माझ्या पेटीत तशीच राहिली.

मावशी घरी आली आन् म्हणली, "बन्सी, तिचा आवाज मांडवात लाव. ती म्हणली तर मी म्हणीन. न्हाई तर ह्या बी हळदीला मी गपच बसंन."

शहाण्या माणसानं काय केलं असतं? कॅशेट लावली असती. माझी बायको राजेश्री हेच म्हणली. पण मला नुकताच नवा नाद लागलेला. जिंतूरला एक गेमचं दुकान बंद पडलं, तिथला जुना कंप्युटर मी उचलून आणलेला. त्याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स होतं, आन् दोन पंख्याचं एक दांडगं ग्राफिक कार्ड. त्या कार्डावर आवाजाचं अपसॅम्पलिंग करता येतं, हे मी मोबाइलवर बघितलं आन् माझी झोप उडाली.

अपसॅम्पलिंग म्हंजी काय, ते मला समजलं तसं सांगतो. रांगोळीचे ठिपके लांब लांब असले की रेघ वाकडी येती. मंग मधी आणखी ठिपके टाकायचे, रेघ गुळगुळीत. कंप्युटर आवाज ठिपक्यातच धरतो. मधल्या ठिपक्यांचा हिशोब लय मोठा, तो कार्डानं करायचा. लक्ष्मीबाई मांडवात समोर बसल्यासारखी वाटंल, असं मी अख्ख्या गल्लीला सांगून मोकळा झालो. कॅशेटीत जे न्हाई ते ठिपक्यानं येत नसतं, हे मला तवा कोणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आवाज कंप्युटरात घेतला. लक्ष्मीबाई गाताना डोलायची, एक ओळ माइकात, दुसरी शेजारच्या घरात. म्हणून ओळ न् ओळ तोडून सगळ्यांचा आवाज सारखा केला. माझं सॉफ्टवेअर एक तुकडा घ्यायचं, त्याचे ठिपके भरायचं, वाजवायचं, मंग दुसऱ्याला हात घालायचं.

आता ड्रायव्हर. कार्ड म्हंजी मजुरांची टोळी धरा, तर ड्रायव्हर म्हंजी मुकादम. मुकादम बरोबर नसंल तर टोळी बांधावर बसून राहती. लिनक्ससंगं एक फुकटचा मुकादम आलेला. तो चित्र झकास दावायचा, पण ह्या हिशोबाला टोळी उठवायचाच न्हाई. सगळे ठिपके कंप्युटरच्या मगजालाच भरावे लागायचे. एक ओळ वाजायची आन् गप. मी पडद्याकडं बघायचा, पडदा माझ्याकडं. मंग दुसरी ओळ. आतून राजेश्रीच्या भाकरी थापायचा आवाज यायचा. मला लय शरम वाटली. समोर बसल्यासारखी म्हणलेलं, आन् ही बाई ओळीओळीला गायब.

मंग कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकायचं ठरवलं. त्याच्यात बी नंबर. जुने, नवे, त्याहून नवे. आमी शेतकऱ्याची जात, जिंतूरच्या दुकानात सरकी घेताना काय विचारतो? नवा नंबर कोणता आलाय. जुन्याला कोणी हात लावत न्हाई. मी सगळ्यात मोठा नंबर टाकला आन् कंप्युटर परत चालू केला. पडदा काळाठिक्कर.

इंटरनेटवर एका ग्रुपात फोटो टाकून विचारलं. एकानं विचारलं, दादा, कार्ड कोणतं हाय? मी फोटो कंप्युटरच्या डब्याचा टाकलेला, बाहेरून, वर राजेश्रीनं वाळत टाकलेलं फडकं. मंग डबा खोलून कार्डाचा फोटो टाकला. तो म्हणला, नव्या नंबरानं एवढी जुनी कार्डं सोडून दिली, जुना नंबर टाका. काळ्या पडद्यावरून नवा कसा काढायचा ते बी त्यानं एक एक अक्षर लिहून दिलं. बेजार होऊन जुना टाकला, तर कार्डाचे दोन्ही पंखे गरागरा फिरायला लागले. एक तुकडा सरायच्या आत दुसरा तयार. लक्ष्मीबाई सरळ गायली, एकदा बी थांबली न्हाई. मी मिशीला पीळ दिला. मिशी बी धड न्हाई, ते सोडा.

हळदीच्या दिवशी दुपारी मावशीच्या ओट्यावर सगळं मांडलं. मावशी पदर सावरून बसली. राजेश्री होतीच. आवाज आला:

"हळदीचं बोट गं, लेकीच्या गालाला."

मावशीनं तोंड उघडलं, तर लक्ष्मीबाई दुसऱ्या ओळीवर. मावशीनं परत श्वास घेतला, तर ती तिसरीवर. मावशीनं तोंड मिटलं.

"लक्ष्मी अशी न्हवती," ती म्हणली. "माझ्यासाठी थांबायची. ही मला बोलूच देईना."

मी म्हणलं, मावशी, हातानं थांबवतो की. पण सॉफ्टवेअरनं पुढचा आवाज आधीच भरून ठेवलेला. बटण दाबलं की जरा वेळानं थांबायचं, ते बी पुढच्या ओळीच्या मधीच कुठंतरी. मावशी इचारायली, तिला ठसका लागला का. मंग म्हणली, राहू दे बाबा, बंद कर. आन् उठायला लागली.

तवा राजेश्री म्हणली, "अहो, परवा जे अडकत अडकत वाजत होतं, ते लावा की. भाकरी थापता थापता मी तिला सगळी उत्तरं दिली. तुमी आपले कपाळावर हात मारून बसलेले."

मी तिच्याकडं बघितलं. मंग कार्डाकडं. पंखे असे फिरायले होते की काय सांगू.

तर मी, बन्सीधर, एवढी फजिती करून मिळवलेला बरोबर ड्रायव्हर माझ्या हातानं काढला आन् फुकटचा परत बसवला. मावशी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. इचारलं, काय करायलास? म्हणलं, लक्ष्मीबाईला दम खायला लावायलोय.

दिवस कलला, तशी हळद लागली. रेणुका पाटावर, बाया भोवती, मांडवात हवा म्हणून न्हाई. मी बटण दाबलं आन् हात मागं बांधले.

"हळदीचं बोट गं, लेकीच्या गालाला."

आन् गप. बाया माझ्याकडं बघायल्या. मावशी मात्र कर्ण्याकडं बघत होती. घसा खाकरला आन् म्हणली:

"ऊन उतरलं गं, दाराच्या पायरीला."

आवाज फाटका, पण सूर तिचाच. तिचं होतंय न होतंय तोवर लक्ष्मीबाईची दुसरी ओळ आली. मावशी जरा हसली. मंग दोघींचं जमलं. एखाद्या ओळीला कंप्युटर लय वेळ लावायचा, तर मावशी कर्ण्याला म्हणायची, "आठव, आठव, घाई न्हाई." बाया हसायच्या, आन् तेवढ्यात ओळ यायची.

शेवटची ओळ झाली, मावशीनं उत्तर दिलं आन् परत कर्ण्याकडं बघत बसली. तिला कसं सांगावं, तुकडे सरले म्हणून. मी पडद्यात तोंड घातलं.

मंग मावशीनं आपणच पहिली ओळ उचलली. लक्ष्मीबाईची. हळदीचं बोट गं. उत्तर द्यायला कोणीच न्हाई. तर पाटावरची रेणुका, तोंडाला हळद फासलेली, खालमानेनं म्हणली, ऊन उतरलं गं, दाराच्या पायरीला. मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठिवला आन् दुसरी ओळ टाकली.

मी कंप्युटर बंद केला. आता त्याचं काही काम न्हवतं.

राजेश्री पदरानं वारा घेत माझ्यापाशी आली. म्हणली, "त्या कार्डाला दोन पंखे हायत म्हणं. मांडवात एक बी फिरला न्हाई. एखादा इकडं लावा, बाया घामानं भिजल्यात."