काळभाताचं बी

माझी बायको पुष्पावती गेली तेव्हा तिनं निवडलेलं काळभाताचं बी कणगीत राखेत ठेवलेलं होतं. कापणीआधी ती शेतभर हिंडून भरदार लोंब्या वेगळ्या काढायची. गावात हे वासाच्या भाताचं बी फक्त आमच्याकडे उरलं होतं.

सून रेश्मा जामखेडची, ज्वारीच्या मुलखातली. दहाव्याला कावळ्यासाठी पान ठेवायचं होतं. आईंना त्यांच्याच हातचा काळभात मिळावा म्हणून तिनं कणगी रिकामी केली आणि राजूरच्या गिरणीतून तांदूळ करून आणला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली. मला भाताच्या वासावरून शंका आली. घरी येऊन कणगीत हात घातला, तर नुसती राख.

तेव्हापासून मी रेश्माशी बोललो नाही.

ती ओट्यावर पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते. मिरगाच्या आधी राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजून तयार होता, पेरायला बी नव्हतं. मी दारात बसलो होतो.

"‘शी मेंट वेल’ म्हणजे तिचा हेतू चांगला होता," ती सांगत होती. "पण काम बिघडल्यावरच असं म्हणायचं."

"बाई, मी काच फोडली तर म्हणू का? आय मेंट वेल?"

"म्हण की. पण आपणच म्हटलं की ती सबब वाटते. ज्याचं नुकसान झालं त्यानं म्हणावं."

"मग एक वाक्य द्या ना."

रेश्मा पुस्तकाची पानं उलटत राहिली.

"बाई इसरल्या," कुणीतरी म्हणालं. पोरं हसली.

"ल्ह्या रं," मी म्हणालो. "सुनेनं सासूसाठी भात केला. शी मेंट वेल."

"आबा, मग बिघडलं काय?" एका पोरानं विचारलं.

"काय न्हाई. भात चांगला झाला हुता."

रेश्मा उठून आत गेली. वाटी घेऊन आली. उरलेल्या तांदळात गिरणीतून न सोललेले जे दाणे आले होते, ते तिनं वेचून ठेवले होते.

"आबा, एवढंच निघालं. उगवेल का?"

गिरणीतून गेलेल्या दाण्याचा कोंब बहुधा मोडलेला असतो. मी एक दाणा नखानं उघडून पाहिला. मोडलेलाच होता.

"उगवंल की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते राबात टाकले. रेश्मा रोज सकाळी बघायला जाते. मी जात नाही.