मिशीवर न बसणारा मास्क

नवशिक्या पाणबुड्यानं हवेची टाकी, पायातले फिन्स, सूट हे सगळं खुशाल भाड्यानं घ्यावं, पण मास्क मात्र स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा निवडून विकत घ्यावा, असं तिरुचीच्या प्रशिक्षकानं सांगितलं आणि आमच्या घरी पार्सलांचा पूर आला. मास्क पारखायची रीत सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर आपला, पडला तर परत. शिवराज, म्हणजे माझे यजमान, रोज न्हाणीघरातल्या आरशासमोर श्वास ओढायचे आणि मास्क धप्पकन बादलीत. काळा पडला, निळा पडला, दोन काचांचाही पडला.

पन्नाशीत हे खूळ कशाला, असं मी विचारलं नाही. आमची नित्या तूत्तुकुडीला प्रवाळांचा अभ्यास करते आणि लवकरच पुढच्या शिक्षणाला ऑस्ट्रेलियाला जाणार आहे. जाण्यापूर्वी बापानं एकदा तिच्याबरोबर समुद्राखाली यावं, ती काय बघते ते बघावं, एवढीच तिची इच्छा. शिवराजना ते ऐकून जे उधाण आलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिरुचीच्या पोहण्याच्या तलावात मात्र डोकं बुडवलं की मास्कमध्ये पाणी, आणि हे ठसकत वर. शेवटी प्रशिक्षकानं निकाल दिला, मास्क निर्दोष, गुन्हेगार मिशी. मास्कची रबरी कड उघड्या कातडीवरच बसते. नाकाखालची एक पट्टी तासून पाहिली, तरी पाणी शिरलंच, कारण मिशी म्हणजे कुरुवै भाताचं दाट पीक. "काढून टाका की, सार," तो बिचारा सहज म्हणाला.

त्याला काय ठाऊक! आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घरांत बाप असताना मुलगा मिशी काढत नाही. काढतो ती बाप गेल्यावर, नदीकाठी बसून. "बाप मेला का रे तुझा?" असं कुणा सफाचट पोराला लोक विचारतात ते उगाच नव्हे. आणि माझे सासरे अनिरुद्धराव चौऱ्याऐंशीचे. दिवाळीत पडले, तेव्हापासून ओट्याखाली उतरलेले नाहीत. शिवराज त्यांचे एकुलते एक.

मी कॉलेजात गणित शिकवते, शकुन-अपशकुन मानत नाही. तरी "काढा ती मिशी" हे शब्द माझ्याही तोंडून निघेनात.

मग शिवराजनी नित्याला फोन केला आणि चक्क खोटं सांगितलं, कान दुखतात, जमणार नाही म्हणून. तिनं हट्ट केला नाही. "बरं" एवढंच म्हणाली. यांनी फोन ठेवला आणि निळा मास्क पुन्हा खोक्यात भरायला घेतला. माझ्या मस्तकात तिडीक गेली, ती मास्कवर की मिशीवर की यांच्यावर, कोण जाणे.

"हा डबा कां परत जातोय, अखिला?" मामंजींनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. आता माझा उद्धार होणार, अशी तयारीच ठेवली होती. मामंजींनी कॉफी मागितली, शांतपणे प्यायली आणि डबरा-पेला खाली ठेवून यांना हाक मारली.

"शिवा, वस्तरा घेऊन ये."

"नको, अप्पा."

"मी गेलों की काढशीलच की. तेव्हां मज दिसणार आहे कां तुझं तोंड? आत्तां काढ. मज बघूं दे."

"तसं बोलूं नका."

"सरी, बरं, बोलत नाहीं. बैस."

मागच्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. फेस मामंजींनी स्वतः लावला. वस्तरा शिवराजनी धरला, कारण म्हाताऱ्याचा हात थरथरतो. मग मामंजींनी आरसा धरला.

तोंड पुसून शिवराजनी मान वर केली. मामंजी कितीतरी वेळ बघत राहिले.

"सीतालक्ष्मीचा ओठ," ते म्हणाले.

माझ्या सासूबाईंचा वरचा ओठ मधोमध किंचित उचललेला होता, आता कुणी काही गमतीचं बोलणार आहे असं वाटायला लावणारा. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. शिवराजना शाळेतच मिसरूड फुटली, आणि तो ओठ तेव्हापासून तिच्याखाली दडलेला.

"इतकीं वर्षं इथंच होती की ही," मामंजी म्हणाले. मला रडू आवरेना. मी आवरलंही नाही.

मग त्यांनीच खोक्यातून निळा मास्क काढून मुलाच्या चेहऱ्याला टेकवला. "ओढ श्वास." हात सोडले. मास्क चिकटून राहिला.

नित्याला येतो म्हणून कळवून दुसऱ्या दिवशी शिवराज तसेच भाजी आणायला गेले. शेजारच्या सदाशिवरावांनी त्यांना लांबून पाहिलं. अशा वेळी विचारायचं कसं? ते परस्पर गुलाबाची मोठी माळ घेऊन आमच्या दारात आले, तर ओट्यावर मामंजी पेपर वाचत बसलेले.

"माळ कुणासाठीं रे, सदाशिवा?"

सदाशिवरावांच्या तोंडून "तुमच्यासाठींच," एवढंच निघालं.

"मग घाल की," म्हणत मामंजींनी मान पुढे केली.

पण तोवर गल्लीत मामंजी गेल्याची बातमी फिरली होती. तूत्तुकुडीला निघायच्या दिवशी शिवराज बॅग उचलून दारातच घुटमळले. एकेक ओट्यावरून माणसं हळहळत बघणार, आणि ते त्यांच्याच्यानं सोसणार नव्हतं. मामंजींनी काठी मागितली, खांद्यावर अंगवस्त्र टाकलं आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा पायऱ्या उतरले. मुलाचा हात धरून, प्रत्येक दारापाशी थांबत, ते कोपऱ्यावरच्या ऑटोपर्यंत चालले. "शिवा लेकीबरोबर समुद्र बघायला जातोय," असं घरोघरी सांगत होते. मी मागून बॅग घेऊन चालत होते आणि माझे डोळे वाहत होते.

ऑटो सुरू झाला तसे ते आत वाकले.

"आल्यावर वाढव परत," ते म्हणाले. "घाई करूं नको. मी आहें."