मागच्या सीटचा खटका

सुनेत्रा वैरागडे नागपूरहून अमेरिकेत, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयला नोकरीला आली, तेव्हा तिच्या वाट्याला अख्ख्या गाडीतली फक्त मागची सीट आली. डेट्रॉईटच्या आसपास असंच असतं. कुणी चार वर्षं दारांच्या बिजागऱ्यांवर काढतो, कुणी वायपरवर. तिची कंपनी एक छोटी एसयूव्ही काढत होती. साध्या घराला परवडेल अशी, पण दिसायला दणकट: उंच बोनेट, रुंद चाकं, पाण्याने धुता येईल असा रबरी तळ. आणि जाहिरातीत सगळ्यात आधी मिरवायची गोष्ट सुनेत्राची होती. एक पट्टा ओढला की मागची सीट एका हाताने सपाट.

सीट परत उभी करताना मात्र पाठ शेवटपर्यंत दाबावी लागे. अर्धवट दाबली तरी ती उभी राही, हलवून पाहिली तरी घट्ट वाटे, पण आतला खटका अडकलेला नसे. सुनेत्राने त्यावर उपाय काढला होता. खटका नीट बसेपर्यंत सीटच्या खांद्यावर बोटाएवढी लाल पट्टी दिसत राहायची. मार्च २००६ मध्ये, खर्च वाचवायला, सगळ्यात स्वस्त मॉडेलमधून ती पट्टी काढून टाकायचं ठरलं.

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना, नीट दाबून बघा म्हणून," तिचे मॅनेजर गुरुदत्त म्हणाले.

"मॅन्युअल कोण वाचतं? लहान मुलं सीट लावतात, गुरुदत्त. इतकी हलकी केलीय आपणच."

"टेस्ट पास झालीय. तुझं ग्रीन कार्डचं सुरू आहे, कशाला इश्यू करतेस? साइन कर."

तिने सही केली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, हे खरं. पण सही केली.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कांचन तिच्याशेजारी येऊन बसली. सुनेत्रा नवीन असताना, घर मिळेपर्यंत तीन आठवडे, कांचन आणि यतीनने तिला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. बर्फात गाडी चालवायला यतीननेच शिकवलं होतं. त्यांची इशिता नऊ वर्षांची.

"यतीनला तुमची ती नवी गाडी हवीय. बेस मॉडेल, सगळ्यात स्वस्त ते," कांचन म्हणाली. "तूच सांग बाई, घेऊ ना?"

कंपनीतल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, असा करार होता. पण त्या क्षणी सुनेत्राला करार आठवला नाही. इतक्या लोकांसमोर आपण केलेल्या गाडीला नावं कशी ठेवायची, एवढंच आठवलं.

"चांगली आहे ग. घ्या की."

पुढे आणखी एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली. नंतर सांगू म्हणून ते राहिलं. त्यानंतर तीनदा फोनवर बोलणं झालं, तरी राहिलं.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी कांचन, यतीन आणि इशिता त्या नव्या गाडीतून यतीनच्या भावाकडे, शेजारच्या राज्यातल्या नेपरव्हिलला निघाले. आदल्या दिवशी सामान आणायला सीट पाडली होती, ती इशिताने उभी केली. मागे दोन मोठ्या बॅगा होत्या. वाटेत कॅलमझू गावाच्या पुढे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. पुढचा ट्रक अचानक हळू झाला, यतीनने ब्रेक दाबला आणि गाडी घसरत जाऊन ट्रकवर आदळली. वेग फार नव्हता. पुढे बसलेल्या दोघांना खरचटलं. पण मागच्या बॅगांच्या धक्क्याने सीटची पाठ सुटली आणि इशितावर कोसळली. तिच्या कण्याला मार लागला. कमरेखालची संवेदना गेली आहे, असं डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं.

चौथ्या दिवशी सुनेत्रा हॉस्पिटलमध्ये पोचली. इशिता छताकडे बघत होती.

"मावशी, आय डिडन्ट पुश इट हार्ड इनफ," ती म्हणाली. "इट वॉज माय जॉब."

कांचन खिडकीशी उभी होती. "चार दिवस हेच बोलतेय," ती म्हणाली. "सांग तिला, असं नसतं म्हणून."

सुनेत्रा पलंगाजवळ खाली बसली. "नाही, इशू. तू बरोबर लावलीस. ती सीट लागल्यासारखी वाटते आणि लागत नाही. ते कळायला एक खूण होती, ती आम्ही काढून टाकली. चूक आमची आहे. माझी आहे."

इशिताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" कांचनने विचारलं.

"गाडी बाजारात यायच्या आधीपासून."

"मी तुला दिवाळीत विचारलं होतं."

"हो."

कांचनने खुर्चीवरचा सुनेत्राचा कोट उचलला, तिच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

सुनेत्राने वाहनसुरक्षा खात्याला सगळं लिहून कळवलं. मार्चच्या त्या कागदाची प्रत, खाली आपली सही असलेली, तिने यतीनच्या वकिलाला नेऊन दिली. मे महिन्यात कंपनीने बरीच माणसं कमी केली, त्यात तिचं नाव होतं. ग्रीन कार्डचा अर्ज तिथेच संपला, नागपूरला परत जाणं आलं. जूनमध्ये कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्या आणि लाल पट्टी बसवायला सुरुवात केली. एका गाडीला वीस मिनिटं लागत.

निघायच्या आठवड्यात तिने फोन केला. यतीनने उचलला.

"कशी आहे ती?"

"व्हीलचेअरवर शाळेत जाते. सुनेत्रा, परत फोन करू नकोस. कांचनला सहन होत नाही. पण एक कर. त्या दिवशी तू इशूला जे बोललीस, ते लिहून पाठव. ती अजून विचारते, मावशी खरं बोलत होती की मला बरं वाटावं म्हणून."

रिकाम्या झालेल्या घरात, पुस्तकांच्या खोक्यावर कागद ठेवून, सुनेत्राने इंग्रजीत लिहिलं, इशिताला कुणाची मदत न घेता वाचता यावं म्हणून. सीटचं चित्र काढलं. खटका कुठे असतो, तो कसा फसवतो, बाणाने दाखवलं. खाली लिहिलं की हे मला माहीत होतं आणि तुला माहीत असणं शक्य नव्हतं. पाकिटाच्या मागे, उत्तरासाठी, आपला नागपूरचा पत्ता घातला.

उत्तर आलं नाही.