न्हाणीघराचं दार

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. जुनं घर दुरुस्त करण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढलेला नाही. ज्यांनी तो उद्योग केला त्यांच्यात म्हण रचण्याइतका जीव उरला नसणार, दुसरं काय!

नर्सबाईच्या अंगात तरी कुठे उरला होता? दिवसभर वॉर्डात उभं राहायचं आणि शेतावरच्या त्या घरी येऊन सिमेंटची घमेली उचलायची, तीन वर्षं हेच चाललं होतं. नवरा घड्याळजी. दुकान भाच्याच्या हवाली करून त्यानं हे घर घेतलं. दोघांनी मिळून नीट करू, म्हातारपणी मोकळ्या हवेत राहू. हौस दोघांचीच, खोटं कशाला बोला. पण ज्यानं जन्मभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या दात्यांची चाकं बसवली, त्याच्या हाती भिंती दिल्यावर काय होणार? घराला बोटभर फट चालते, याला केसभर चालेना. गवंड्याचा गिलावा त्यानं दोनदा खरवडून काढला. शेवटी गवंड्यानंच हात जोडले. "साहेब, ही भिंत आहे. मनगटावर बांधायची नाही." गेला तो परत आला नाही.

आणि न्हाणीघराला दार नव्हतं. जुनं वाळवीनं खाल्लेलं, ते पहिल्याच आठवड्यात काढलं आणि तिथे एक चादर टांगली. नवं दार घड्याळजी स्वतः करत होता, पडवीत, जुन्या तुळईच्या फळ्यांचं. नमनालाच घडाभर तेल! फळ्या वर्षभर सुकवल्या, मग रंधा, मग घासणं, मग तेलाचा हात, मग पुन्हा घासणं. कधी विचारावं तर उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात लागतंय गं."

परवा ती कामावरून येऊन अंगावर पाणी घेत होती आणि वायरमननं बटण शोधता शोधता चादर बाजूला सारली. तो बिचारा तिच्याहून जास्त ओशाळला, पक्कड तिथेच टाकून पळाला. नर्सबाईनं आयुष्यात कितीतरी उघडी माणसं पाहिली होती, पण प्रत्येकाच्या भोवती आधी पडदा ओढून. आपल्यापुढे कुणी तेवढाही ओढू नये याचं तिला फार वाईट वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "त्याला काय दिसलं असणार, साबणाचा फेस!"

तिनं भांडण केलं नाही. भांडायलाही ताकद लागते.

आज घड्याळजी पितळी बिजागऱ्या शोधायला बाजारात गेला, कुठल्याशा खास मापाच्या. तिनं रजा टाकली आणि टेम्पोत घालून एक सुतार आणि एक तयार दार घेऊन आली. फायबरचं, करड्या रंगाचं, दिसायला अगदीच सुमार. सुतारानं चौकट तासली, दार बसवलं, कडी लावली, चहा पिऊन गेला. अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं. आनंद व्हायचा तो तिला रागच आला. एवढ्यासाठी तीन वर्षं?

मग तिनं बॅग भरली आणि धाकट्या बहिणीला फोन केला. "कदाचित येईन. आले तर राहायलाच येईन." धाकटीनं काही विचारलं नाही, गादी घालून ठेवते म्हणाली.

घड्याळजी आला, बिजागऱ्यांची पुडी हातात धरून नव्या दारापुढे उभा राहिला. चौकटीवरून अंगठा फिरवला.

"तासली?"

"हो."

"माझं दार आता बसायचं नाही इथे."

"माहीत आहे. अहो, ऐका. तुमचं दार सुंदरच आहे, पण मला सुंदर दार नको होतं, दार हवं होतं. हे आता काढलंत तर मी धाकटीकडे जाईन, आणि या घराचं काम चाललंय तोवर परत यायची नाही."

त्यानं पुडी खिशात टाकली. पडवीत गेला. हत्यारांची पेटी उघडल्याचा आवाज आला आणि तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन परतला. झालं, पालथ्या घड्यावर पाणी! तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

तो खालच्या बिजागरीपाशी उकिडवा बसला. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, कुठल्या बाजूला फिरतोय ते बघायला. हात स्क्रू आवळत होता.

"खालचा ढिला ठेवलाय गाढवानं. चार दिवसांत कुरकुरलं असतं."

हत्यार खाचेतून निसटलं. त्यानं पुन्हा टेकवलं, पुन्हा निसटलं. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तसाच स्क्रू बसवला. बसवून झाल्यावरही उठला नाही.

"खिडक्यांचं त्या सुतारालाच सांग," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माळ्याचंही. मला आता होत नाही गं. हात कापतो. दुकानातच सुरू झालं होतं. रंधा मारला की फळीवर ओरखडे उठतात, मग ते घासत बसतो. घासणं कधी संपतच नाही."

सगळ्या वॉर्डाच्या नाडीवर बोट ठेवणारी बाई ती, आणि घरातला हात तिला दिसला नव्हता. रोज घरी येताना ती इतकी दमलेली असायची की त्याच्याकडे बघायचं म्हणजे रागानंच. तिनं बॅग खाली ठेवली, त्याच्या शेजारी सिमेंटच्या धुळीतच बसली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. मग तिला रडू आलं. हुंदका काढायचंही त्राण नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं.

घड्याळजीला काय करावं सुचेना. त्यानं मोकळ्या हातानं दार ढकलून उघडलं.

"जा, आंघोळ करून घे," तो म्हणाला. "कडी लाव नीट. मी बसतो इथे बाहेर."